कपाट, गॅलरी की काचेची पेटी? चिंचिलाच्या पिंजऱ्याविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यातल्या पत्रांत चिंचिला पाळणाऱ्यांची पत्रं एरवीपेक्षा जास्त आहेत, आणि बहुतेकांसोबत चित्रंही आहेत. आयता पिंजरा महाग पडतो, नाहीतर दिवाणखान्यात शोभत नाही, म्हणून पुणेकरांनी आपापली डोकी चालवली आहेत. काही नमुने खरोखर चांगले आहेत, काही पहिल्याच उन्हाळ्यात जीव घेतील.

ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतला कुरतडणारा प्राणी. वजन ४०० ते ६०० ग्रॅम, उडी सहज चार फुटांची, आयुष्य पंधरा वर्षांच्या आसपास. केसांच्या एका मुळातून पन्नासहून जास्त केस निघतात, त्यामुळे थंडीचं तिला काही वाटत नाही, उकाडा मात्र सोसत नाही. दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे समोर येईल ते ती कुरतडते. पिंजऱ्याचे जवळजवळ सगळे वाद या दोन गोष्टींतूनच निघतात.

प्रश्न : घरात आजोबांच्या वेळचं साडेसहा फुटी लोखंडी कपाट आहे. दारं काढून जाळी बसवली तर दोन चिंचिलांना चालेल का? फॅब्रिकेटर म्हणतो, एका दिवसाचं काम आहे. (सदाशिव पेठ)

कल्पना उत्तम आहे. ‘एका दिवसाचं काम’ हे मात्र खरं मानू नका.

आधी चांगली बाजू. असं कपाट साधारण १९८ सेंटिमीटर उंच, ९१ रुंद आणि ४८ खोल असतं. आत चार फळ्या असल्या तर दोन फळ्यांमधलं अंतर चाळीस सेंटिमीटरच्या आत राहतं. म्हणजे चिंचिला घसरली तरी फार उंचावरून पडत नाही. बाजारच्या उंच पिंजऱ्यांत नेमका इथेच घोळ असतो: वरून थेट तळापर्यंत मोकळं, मध्ये अडवायला काही नाही, आणि मागच्या पायाचं बारीक हाड मोडतं. साठ सेंटिमीटरपेक्षा जास्त उंचीवरून सरळ खाली पडता येईल अशी जागा कुठेच असू नये. कपाटात हे हिशेब न करताच जमून येतं.

आता अडचण. नुसती दारं काढून पुढे जाळी लावली तर कपाट तीन बाजूंनी बंदच राहतं. हवा समोरून आत शिरते, पण तिला बाहेर पडायला वाट नसते. लघवीचा अमोनिया तळाशी साचतो, आणि तो तुमच्या नाकाला जाणवेपर्यंत प्राण्याची श्वासनलिका हुळहुळलेली असते. म्हणून दोन्ही बाजूंचे पत्रे कापावेच लागतील. कडेने आठ-दहा सेंटिमीटरची चौकट सोडा, मध्ये एक आडवी पट्टी ठेवा आणि प्रत्येक बाजूला दोन खिडक्या काढा. पट्टी ठेवली नाही तर कपाटाचा ताठपणा जातो आणि ते हलायला लागतं. कापलेल्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. त्या घासून त्यावर यू आकाराची धातूची पट्टी चढवून घ्या. रबरी बिडिंग लावू नका, दोन दिवसांत पोटात जाईल. काम झालं की प्राणी आत सोडण्यापूर्वी तळाच्या मागच्या कोपऱ्यात एक उदबत्ती धरा. धूर तिथेच घुटमळत राहिला तर आणखी एक खिडकी हवी.

रंगाकडे सर्वात जास्त लक्ष द्या. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं आणि चिंचिला कडेचा रंग खरवडणारच. घरी पॉलिश पेपरने कोरडं घासायला बसू नका, ती धूळ तुमच्याही छातीत जाते. कापाकापी संपल्यावर अख्खा सांगाडा सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगला पाठवा. भोसरीच्या बाजूला अशी कामं करणारे पुष्कळ आहेत. हा टप्पा धरून आठवडा मोजा.

जाळी वेल्डमेशची (जोडावर वेल्ड केलेल्या तारांची), अर्धा इंची चौकोनाची, तार १४ गेजची म्हणजे दोन मिलिमीटर. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी दातांपुढे टिकत नाही. स्टेनलेस ३०४ ची जाळी परवडत असेल तर तीच घ्या. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, घेणार असाल तर जस्ताचे सुटे कण आणि पांढरी पूड काढून टाकावी लागते: अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, कडक ब्रश, मग भरपूर पाणी आणि ऊन. जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते.

पत्र्याच्या फळ्या घसरड्या असतात. त्यांवर १८ मिलिमीटर जाडीच्या पाइनच्या फळ्या टाका आणि पत्र्यात आलटून-पालटून कोपऱ्यांत २० बाय २० सेंटिमीटरचं भोक पाडा, म्हणजे भोकाखाली भोक येणार नाही. चिंचिलाला पळायचं चाक ठेवायच्या मजल्याची फळी एक-दोन खाचा खाली घ्या. चाक निदान ३८ सेंटिमीटर व्यासाचं, सलग धातूच्या पृष्ठभागाचं लागतं, म्हणून तिथे ४५ सेंटिमीटर उंची हवी. आरे असलेल्या चाकात पाय अडकून मोडतो. तळाला सात-आठ सेंटिमीटर काठाचा स्टेनलेस ट्रे पुढे ओढता येईल असा करून घ्या.

एक गोष्ट जाता जाता. कपाटातली तिजोरी काढून टाकू नका. चिंचिलाला पाण्याची नाही, ज्वालामुखीच्या राखेच्या बारीक धुळीची आंघोळ लागते, आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला दहा-पंधरा मिनिटं. धूळ सतत समोर राहिली तर कातडी कोरडी पडते, डोळे चुरचुरतात. तिजोरीत धुळीचं भांडं ठेवा, वेळ झाली की दार उघडा, नंतर किल्ली फिरवा. आजोबांनी दागिने ठेवले तिथे आता ज्वालामुखीची राख.

शेवटी कपाट वरून दोन एल-ब्रॅकेट आणि आठ मिलिमीटरच्या अँकर बोल्टने भिंतीला पकडा. अर्धा किलोच्या दोन चिंचिला रात्री एकाच बाजूवर उड्या मारतात तेव्हा पत्रे कापून हलकं झालेलं कपाट डुलतं.

प्रश्न : गॅलरीला ग्रिल आहेच. त्यालाच बारीक जाळी ठोकून पूर्ण गॅलरी चिंचिलाला दिली तर? वरती कूलर बसवायची तयारी आहे. (सिंहगड रस्ता)

नको. जागा मोठी देताय, मनही मोठं आहे, पण हवामान तुमच्या हातात नाही.

चिंचिलाला १५ ते २१ अंश मानवतं. २५ च्या वर गेलं की काळजी, २८ ला जिवावरचं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा ३८ ते ४० पर्यंत जातो आणि पश्चिमेच्या गॅलरीची फरशी संध्याकाळी सातलाही पायाला चटका देते. कूलर हवा गार करतो तो तिच्यात पाणी मिसळून. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत हवी, कूलरपुढे ती सहज ओलांडते. दाट केस आतून दमट राहतात, बुरशी धरते, केस चकत्यांनी गळतात. जुलै-ऑगस्टमध्ये तर कूलरशिवायच हवेत ऐंशी टक्क्यांवर ओल असते.

पंख्याचाही उपयोग नाही. आपल्याला पंख्याखाली गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. चिंचिलाला घाम येत नाही. पंखा तिच्या अंगावर तीच गरम हवा फिरवत राहतो.

म्हणजे मार्च ते जूनअखेर बंद खोली आणि २० ते २२ अंशांवर लावलेला एसी, याला पर्याय नाही. पावसाळ्यातही तोच एसी हवा कोरडी ठेवतो. खोलीत तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा मीटर पिंजऱ्याच्या सर्वात वरच्या फळीच्या पातळीला टांगा, एसीच्या रिमोटवरचा आकडा धरू नका. हा खर्च झेपणार नसेल तर चिंचिला आणू नका, असंच आम्ही सांगू.

गुरुवारी वीज जाणं पुणेकरांना नवं नाही, आणि घरचा साधा इन्व्हर्टर एसी ओढत नाही. म्हणून फ्रीजरमध्ये स्टेनलेसचे दोन झाकणाचे डबे तीन-चतुर्थांश पाणी भरून तयार ठेवा. काठोकाठ भरले तर बर्फ फुगून डबा फाटतो. डबा पिंजऱ्याबाहेर, जाळीला टेकवून ठेवा, म्हणजे त्यावरचं दव केसांना लागणार नाही. आत तिला बसून गार व्हायला ग्रॅनाइटचा तुकडा असू द्या. ग्रॅनाइटच्या दुकानात ३० बाय ३० सेंटिमीटरचे उरलेले तुकडे मिळतात. एका तुकड्याचं वजन साडेचार किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे तो तळमजल्यावरच ठेवायचा, वरच्या फळीवर कधीही नाही. शहाबादी फरशी स्वस्त म्हणून घेऊ नका, ती लघवी शोषते आणि मग वास जात नाही.

कान लालबुंद, आडवं पडणं, तोंडातून लाळ, भराभर श्वास: हा उष्माघात. थंड खोलीत न्या, गार ओलं फडकं कानांना आणि तळव्यांना लावा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, आणि फोन करत करत डॉक्टरकडे निघा.

प्रश्न : मासे गेले, चार फुटी काचेची टाकी रिकामी आहे. वर जाळीचं झाकण केलं तर? (पिंपरी)

नाही. काच उष्णता धरते, खाली हवा हलत नाही, अमोनिया बसून राहतो. त्यापेक्षा माशांचं एखादं लहान गोल भांडं असेल तर ते आडवं ठेवून धुळीच्या आंघोळीला वापरा. धूळ बाहेर उडत नाही आणि गिरक्या दिसतात.

प्रश्न : फॅब्रिकेटरने दोन आराखडे दिले. एक २ बाय २ फूट, उंची ६ फूट. दुसरा ४ बाय २ फूट, उंची ४ फूट. पैसे थोडेच कमी-जास्त. कोणता घ्यावा? (औंध)

दुसरा. चिंचिला डोंगरातली, तिला उंची आवडते, हे खरं. पण तिला लागते ती चढायला पायऱ्या असलेली उंची. दोन बाय दोनच्या पायथ्यावर सहा फूट उभारलं की फळ्या एकमेकींच्या डोक्यावर येतात. धावायला जागा उरत नाही, चाक ठेवलं की तळमजला संपतो. शिवाय गरम हवा वर जाते आणि प्राणी झोपतो तोही वरच.

चार बाय दोनमध्ये फळ्या जिन्यासारख्या तिरप्या चढवता येतात: एकीपासून दुसरीची उंची २० ते २५ सेंटिमीटर, रुंदी १५ ते २० सेंटिमीटर. फळी बसवायला हँगर बोल्ट वापरा. एक टोक लाकडात फिरवायचं, दुसरं जाळीबाहेर काढून मोठा वॉशर आणि पंखवाला नट. दर फळीला असे दोन बोल्ट. नट आत आला तर कुरतडला जातो आणि केस अडकतात. फळी बाहेरून दोन मिनिटांत सुटली पाहिजे, कारण ती दर काही महिन्यांनी बदलायची आहे. कुरतडलेली फळी म्हणजे नुकसान नाही, दात झिजण्याचा तोच उपाय आहे.

आराखड्यात तीन गोष्टी तपासा. दार निदान ४० बाय ४० सेंटिमीटर आहे का? बहुतेक कारागीर पोपटाच्या पिंजऱ्याच्या मापाचं दार काढतात. मग चाक आत जात नाही, आणि घाबरलेल्या चिंचिलाला अरुंद दारातून ओढलं की केसांचा पुंजका हातात येतो. ती सुटण्यासाठी केस सोडून देते, आणि ते पुन्हा भरायला महिने जातात. दुसरं, वर आणि खाली अशी दोन दारं आहेत का? तिसरं, तळ जाळीचा आहे का? जाळीचा तळ साफ करायला सोपा म्हणून दुकानदार त्याची तारीफ करतात. पण त्यावर सतत बसून टाचांना फोड येतात, पुढे ते चिघळतात, आणि बोट अडकून पाय मोडतो तो वेगळाच. तळ सलग हवा.

प्रश्न : हॉलमधला आणि बेडरूममधला पिंजरा भिंतीवरून पीव्हीसी पाइपने जोडायचा आहे. ११० मिलिमीटरचा पाइप घरात पडून आहे. (कोथरूड)

बोगदा करा, पाइप मात्र तसाच पडून राहू द्या. ११० मिलिमीटरमध्ये पूर्ण वाढलेली चिंचिला शिरते, पण वळू शकत नाही. अर्ध्यात थांबली की मागे सरकत यावं लागतं. एल्बोच्या (पाइपच्या वळणाच्या जोडाच्या) कडा ती कुरतडणार, प्लास्टिकचे तुकडे आतड्यात अडकले की जेवण बंद, लेंड्या बंद, आणि हे दुखणं फार झपाट्याने विकोपाला जातं. त्यात लघवी बेंडमध्ये साठते आणि तुम्हाला दिसतही नाही.

वेल्डमेशचाच २० बाय २० सेंटिमीटरचा चौकोनी बोगदा करा, खाली पाइनची पट्टी टाका, दर मीटरला वर उघडणारं झाकण ठेवा. भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडा, नाहीतर प्लास्टर खाल्लं जाईल. आणि जोडीत दादागिरी करणारी एक असेल तर एकच बोगदा धोक्याचा आहे. ती तोंडाशी बसते आणि दुसरीचं पाणी आणि गवत तोडते. अशा वेळी दोन्ही पिंजऱ्यांत पाण्याच्या बाटल्या, गवत आणि लपायची जागा स्वतंत्र हवी. दोन खोल्यांपैकी एकीतच एसी असेल तर बोगदाच करू नका.

प्रश्न : फळ्यांसाठी पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड चालेल का? जुन्या बाजारात ढिगाने मिळतं. (मंगळवार पेठ)

काही चालेल, बरंचसं नाही. निर्यातीच्या खोक्यांवर आणि पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात रोमन लिपीत ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर तीस मिनिटं तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिली आहे, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल तर तेही बाद.

पण ‘एचटी’ म्हणजे किडीवरचा उपाय झाला. राळ वाळलीच असेल असं नाही. फळीवर हात फिरवून चिकट लागतं का पाहा, गाठींतून राळ निघते का पाहा. तेलाचा किंवा रंगाचा डाग असेल तर सोडून द्या, त्या पॅलेटवर काय सांडलं होतं हे कोणी सांगणार नाही. एवढी निवड करण्यापेक्षा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये भट्टीत वाळवलेला पाइन मागा आणि तिथेच मापाने कापून घ्या.

प्लायवूड, एमडीएफ, सनमायका लावलेलं काहीही नको, त्यांतला डिंक पोटात जातो. देवदार नको, त्याचा उग्र वासच त्रासदायक असतो. चेरी, पीच, जर्दाळू, आलुबुखार आणि लिंबूवर्गातल्या झाडांच्या फांद्याही टाळा. तुतीच्या आणि सफरचंदाच्या वाळलेल्या फांद्या खुशाल द्या, मात्र औषध फवारलेल्या नकोत.

प्रश्न : कुंभारवाड्यातला माठ आडवा ठेवून बीळ केलं तर? (कसबा पेठ)

छान चालतो. भाजलेला, बिनरंगाचा, जाड बुडाचा घ्या, तोंड १२ ते १५ सेंटिमीटर हवं. तळमजल्यावर दोन पाइनच्या पाचरी लावून ठेवा, म्हणजे लोळणार नाही. अशी माती लघवी शोषते, म्हणून महिन्यातून एकदा नुसत्या गरम पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. वास राहिला की तो माठ तुळशीला. गारव्यासाठी माठ ओला करून ठेवायची कल्पना पत्रात आहे, ती सोडा. कूलरचंच ते धाकटं भावंड.

प्रश्न : पिंजरा सगळा नियमाने केला आहे, पण रात्री दोनला चाक आणि जाळी इतकी वाजते की खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. (वारजे)

चिंचिला संध्याकाळी जागी होते आणि रात्रभर कामात असते, त्यामुळे वाजणं थांबणार नाही, कमी होईल. आधी शोधा काय वाजतंय. चाक हाताने फिरवून सोडा. घरघरलं तर बेअरिंग कोरडं आहे किंवा गेलं आहे. सीलबंद बेअरिंग हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, तेच बदला. वंगण ओतत बसू नका, ते चाटलं जातं. चाक जाळीला अडकवलं असेल तर सगळी जाळी ढोलासारखी घुमते. ते तळावर उभ्या राहणाऱ्या स्टँडवर घ्या.

मग दाराच्या कड्या. सैल कडी प्रत्येक उडीला खणखणते. तिच्याजागी फिरवून आवळायची लावा. ट्रे आणि तळ यांच्यात जाड फ्लीसचा (लोकरीसारख्या मऊ कापडाचा) तुकडा घाला, कडा बाहेर न येतील अशा. खालच्या मजल्यावर जाते ती धडधड पायांमधून जाते. पिंजऱ्याच्या चारही पायांखाली, बाहेरच्या बाजूने, वॉशिंग मशीनखाली घालतात तसे जाड रबरी पॅड ठेवा. दात तिथे पोहोचत नाहीत ना, एवढं जाळीला बोट लावून पाहा.